दुसऱ्या गावचं गटार बघायला

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला. उरणच्या बाजूला खाडीकाठी मिठागरांची जी गावं आहेत, त्यातलंच आमचं एक. वरच्या अंगाला बाजार. चहाची दुकानं, मासळीचा कट्टा, न्हावी, दोन खानावळी. त्या सगळ्यांचं सांडपाणी कच्च्या गटारातून खाली यायचं आणि आमच्या अंगणात थांबायचं. थांबायचं, कारण पुढे खाडीचा बांध. बांधाला पाणी सोडायची उघाडी आहे, पण तिचं दार ओहोटीलाच उघडतं. भरती लागली की दार बंद आणि गटार चढत चढत आमच्या उंबऱ्याशी. अशा वेळी आई चूल फळीवर उचलून ठेवायची आणि आम्ही पोरं माळ्यावर बसून भाकरी खायचो.

अंगणात विहीर होती, पण तिच्या पाण्याला वास मारायचा. आई वरच्या आळीतल्या विहिरीवर जायची. तिथे खालच्या आळीच्या बाईने शेवटी भरायचं असा रिवाज होता. बाकीच्यांचे हंडे भरेपर्यंत ती बाजूला उभी राहायची. एका पावसाळ्यात वरच्या विहिरीकडची वाट पाण्याखाली गेली, आम्ही आमच्याच विहिरीचं पाणी प्यालो, आणि माझी धाकटी बहीण हगवणीने गेली. बाबा मिठागरावर मजुरी करायचे. त्यांनी त्या दिवसापासून विहिरीवर एक मोठी फळी टाकली आणि वर धोंडा ठेवला. एवढंच त्यांच्या हातात होतं.

मी बी.एस्सी. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, तेव्हा हे मी खालच्या आवाजात सांगणार नाही. मुंबईत मामाकडे गोदीतल्या चाळीत राहून शिकलो, रसायनशास्त्र घेतलं, पास झालो आणि गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायला परत आलो. अंगणातलं गटार मात्र होतं तिथंच होतं.

मग सरकारच्या विकास गटाची माणसं आली. म्हणाली, पक्कं गटार बांधू, त्याच्या शेवटी तलाव खणू, सांडपाणी तिथे उन्हात उभं राहून आपोआप शुद्ध होईल. तलावासाठी खोलगट जागा पाहिजे होती. गावात खोलगट जागा एकच, आमचं घरालगतचं शेत. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ते दुसऱ्याचं म्हणून कसलं होतं आणि कूळकायदा आल्यावर कुठे ते बाबांच्या नावावर झालं होतं. आता तेच मागायला आले.

बाबांनी साहेबांना बसायला खाट दिली, चहा दिला, आणि सांगितलं की पोराला विचारून सांगतो. ते गेल्यावर मला म्हणाले, "यांचा तलाव कुठं झालाय का याआधी?"

मी म्हटलं, तळा गावाच्या पुढे एका बाजारगावात झालाय असं ते म्हणतात.

"मंग जा न् डोल्यांनी बग. कागदावरचा तलाव मना नको. तू हां बोललास तर अंगठा देतो. नाय बोललास तर त्यांना सांगतो, दुसरं शेत बगा."

शिमग्याची सुट्टी होती. मिठाचा हंगाम भरात असल्याने बाबांना हलता येत नव्हतं. मी निघालो. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या बायकांना तसा शब्द दिला आहे, आणि का दिला ते पुढे कळेलच.

तळा

पनवेल, पेण, कोलाड ही वाट धुळीने भरलेली होती, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. इंदापूरला मोठा रस्ता सोडून तळ्याच्या गाडीत बसलो आणि मुलूख बदलला. आमच्याकडे नजर टाकाल तिथे सपाट, पांढरं, चमचमणारं. इकडे लाल माती, उतारावर राब भाजून काळी केलेली शेतं, आणि वळणावळणाला डोंगर पुढ्यात येऊन उभा. सपाटीच्या माणसाला डोंगर म्हणजे मागे कोणी लपलंय असं वाटायला लावणारी गोष्ट. तळ्याचा किल्ला डोक्यावर दिसायला लागला तेव्हा मी गाडीतून उतरलो.

चहा घ्यायला बसलो तर दुकानदाराने कपाआधी प्रश्न पुढे केले. कुठले, कोणाचे, कुठल्या खात्यात. मी सांगितलं, खात्यात नाही, मास्तर आहे. त्याने माझ्या बुटांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि बाजूच्या माणसाला म्हणाला, "मास्तर हायत म्हनं." ते 'म्हनं' मला अजून ऐकू येतं. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी पाणी देतात आणि मग चौकशी करतात. इथे पाणी होतं, पण ते तांब्यात अर्धंच. मला तो कंजूषपणा वाटला. चैत्र तोंडावर आलेल्या डोंगरी मुलखात अर्धा तांब्या म्हणजे किती मोठं आदरातिथ्य, हे मला अजून कळायचं होतं.

पुढची वाट बैलगाडीने. गाडीवाल्याला मी तलावाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, तलाव आहे, छान आहे. कसा छान, विचारलं तर म्हणाला, छान आहे. मग त्याने बैलांशी बोलायला सुरुवात केली आणि गाव येईपर्यंत तो फक्त त्यांच्याशीच बोलला.

सरपंचांचं घर

सरपंच नाना ओटीवर वाटच बघत होते. मी येणार हे त्यांना कोणी कळवलं, देव जाणे. उंच, हडकुळे, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघणारे. त्यांनी माझी पिशवी स्वतः उचलली. एका सरपंचाने एका मास्तराची पिशवी उचलावी हे मला पटेना. आमच्या गावचा सरपंच माझ्याकडून स्वतःची छत्री धरून घेतो.

जेवायला नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी आणि अळूचं फदफदं. आम्ही तांदळाची भाकरी आणि सुकट खाणारी माणसं. नाचणीची भाकरी मला घशाखाली उतरायला वेळ लागला, पण ते अळू! चिंच, गूळ, वर फोडणीचा लसूण. मी तीनदा मागून घेतलं. नानांची बायको, सगळं गाव त्यांना काकी म्हणत असे, वाढताना म्हणाल्या, आवडलं ना, घरचंच आहे. एवढ्या कोरड्या दिवसांत हे एवढं लुसलुशीत अळू कुठून, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण तोंड भरलेलं होतं.

नाना जेवताना तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहिले की मला नक्की कोणी पाठवलं. मी तीनही वेळा बाबांचं आणि शेताचं सांगितलं. तिसऱ्या वेळी ते हसून म्हणाले, "असू द्या, असू द्या. वडिलांना सांगा, सगळं व्यवस्थित आहे." मला तेव्हाच कळलं की माझ्या बोलण्यातलं एक अक्षर त्यांनी खरं मानलेलं नाही. आणि मीही त्यांचं मानलेलं नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांना विडा दिला.

तलाव

दुसऱ्या दिवशी तलाव बांधून घेणारे ओव्हरसियर आले. तालुक्याहून मुद्दाम सायकल हाणत आलेला, घामाघूम झालेला, उत्साही तरुण माणूस. त्यांनी मला गावाच्या खाली नेलं. चिऱ्यांनी बांधलेला चौकोनी तलाव, सिमेंटचा काठ, एका बाजूला पाणी आत यायचं नळकांडं, दुसऱ्या बाजूला बाहेर जायची मोरी. पाणी स्वच्छ. इतकं स्वच्छ की तळाचा दगड दिसत होता. बारीक मासे फिरत होते.

ओव्हरसियर म्हणाले, "बघा. पूर्ण गावाचं सांडपाणी आहे हे. सूर्यप्रकाशाचं काम."

मी खाली बसलो. मी रसायनशास्त्र शिकलोय हे एक, पण त्याआधी मी मिठागरावर वाढलोय. उन्हात उभं राहिलेलं पाणी कसं वागतं ते मला माहीत आहे. खाडीचं पाणी पहिल्या तळ्यात घेतलं की काही दिवसांत हिरवट होतं, पुढच्यात गढूळ, त्यापुढे लालसर. पाण्यात काही असेल तर ऊन ते वर काढतंच. शे-दीडशे घरांचं खरकटं आणि साबण पोटात घेऊन हे पाणी काचेसारखं कसं राहिलं? ना हिरवं, ना शेवाळं, ना काठाला फेसाची रेघ. वास तर नाहीच.

मी नळकांड्याकडे गेलो. त्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. अख्खं, मधोमध बसलेला कोळी, कडेला अडकलेल्या दोन माश्या, एकही धागा तुटलेला नाही.

मी ओव्हरसियरना ते दाखवलं नाही. त्यांचा चेहरा बघून मला खात्री झाली की त्यांनी ते बघितलंच नव्हतं. ते आपला तलाव बघत होते. पाणी कुठून येत होतं तेही मला थोड्या वेळाने दिसलं. वरच्या कातळाच्या भेगेतून झिरपत होतं. झऱ्याचं पाणी होतं ते.

म्हणजे हे सगळं मला दाखवण्यासाठी मांडलेलं होतं की काय? पिशवी उचलणं, जेवण, तीनदा विचारणं, गाडीवाल्याचं बैलांशी बोलणं, सगळं एका माळेत बसायला लागलं. याच तलावाच्या जोरावर ते साहेब आमच्या घरी खाटेवर बसून शेत मागून गेले होते. मला राग आला. मग प्रश्न पडला की गावाचं सांडपाणी जातं तरी कुठे? माणसं तर अंघोळ करत होती, भांडी घासत होती. मी स्वतः सकाळी नानांच्या न्हाणीत अंघोळ केली होती.

न्हाणीमागे

तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला बसलो तेव्हा कान देऊन ऐकलं. गटार घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याकडे. पण पाणी वाहिल्याचा आवाज मागून येत होता. मी अंग पुसलं, पंचा गुंडाळला आणि हळूच मागे गेलो.

मागे बाग होती. केळीच्या रांगा, त्यांच्या पायाशी हाताएवढ्या पानांचं अळू, एक पपई, एक लिंबू. सगळ्या मुलखात गवताची काडी हिरवी नव्हती आणि इथे सावली पडली होती. न्हाणीच्या भिंतीला एक भोक होतं आणि त्यातून माझंच अंघोळीचं पाणी, साबणाच्या फेसासकट, अळूच्या वाफ्यात शिरत होतं.

परवा तीनदा मागून घेतलेलं फदफदं मला आठवलं.

मग मी वाकून गटाराकडे जाणारी पक्की मोरी बघितली. तिच्या तोंडात पेंढा आणि चिंध्या कोंबून वरून माती लिंपली होती, आणि ते लिंपण चूल सारवावी तसं नीट सारवलेलं होतं. शेजारच्या घराचं तसंच दिसलं. त्या मोरीकडे बघायला मी कुंपणावरून अजून थोडा वाकलो, आणि शेजारच्या न्हाणीतून आवाज आला.

"गे काकी, तुज्याकडचा पाव्हना न्हानीमागं वाकून काय बगतो गं?"

त्या बाईचं नाव भागीरथी. पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण माझ्या अंगावर पंचाच होता. आळीतल्या बायका जमल्या. एकीच्या हातात केरसुणी होती, आणि ती केर काढायला आली नव्हती. काकी आल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोरीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या की आधी धोतर नेसा.

मग ओटीवर माझी झडती झाली. नानाही तिथे होते. भागीरथी म्हणाली, आता हा जाऊन वर सांगणार आणि तालुक्याची माणसं येऊन मोऱ्या फोडणार. मी शपथ घेऊन सांगितलं की मी कुणाचा हस्तक नाही. त्यांनी विचारलं, मग न्हाण्या का बघतोस? तेव्हा मी सगळं सांगितलं. अंगणात चढणारं गटार, धोंडा ठेवलेली विहीर, बहीण, आणि आता मागितलं गेलेलं शेत. तुमचा तलाव खरा असेल तर ते शेत जाणार, म्हटलं, आणि खोटा असेल तरी कदाचित जाणार, कारण साहेबांना तो खरा वाटतो.

केरसुणी खाली ठेवली गेली.

काकी म्हणाल्या, "गटार बांधलं तवा आमाला कुनी इचारलं न्हाय. चैतात येक हंडा आनायला डोंगराच्या झऱ्यावर जावं लागतं, दादा. तलावात झिरपतं त्ये पानी गटाराचं म्हनून दाखवायचं, त्यातनं हंडा कसा भरायचा? त्या हंड्यात तांदूळ धुवायचे, ते पानी म्हशीला. मग भांडी. मग अंग. आनि मग केळीला. आनि ह्ये म्हनतात, गटारात सोडा. का म्हनून सोडायचं?"

मी विचारलं, मग सांगितलं का नाही कुणाला?

"सांगायचं कुनाला? पुरुषांनी सभेत हात वर केले व्हते. आमी मोऱ्या बुजवल्या. सगळ्यात आधी मीच बुजवली." एवढं बोलून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नाना म्हणाले, केळी घडावर होत्या, बोलून काय करणार होतो.

म्हणजे मांडणी माझ्यासाठी नव्हतीच. अख्खं गाव आपल्या बायकांची चोरी झाकत होतं, आणि बायका आपल्या केळी जगवत होत्या. मला खात्याचा माणूस समजून ते माझ्यापासून केळफूल लपवायच्या ऐवजी मला तेच खायला घालत होते. यात मला हसू आलं. भागीरथीला नाही आलं. तिने माझ्याकडून शब्द घेतला, की गावाचं नाव कुठे काढणार नाही. मी दिला.

पण माझा प्रश्न तसाच होता. तलाव खोटा नव्हता आणि खराही नव्हता, तो वापरलाच गेला नव्हता. बाबांना काय सांगू? मी तसंच म्हणालो तेव्हा काकी म्हणाल्या, "घाण पानी बगायचं तर बाजाराचं बग. तिथं केळी न्हायीत."

खाणी

बाजार म्हणजे एका रस्त्याच्या दोन बाजू. चहाची दुकानं, खानावळ, रंगारी, भांडीवाला. इथली गटारं खुली होती आणि काळी वाहत होती. त्यांच्या कडेने मी चालत गेलो. ती तलावाकडेच जायची होती, पण वळणावर एक चिरा ढासळला होता आणि सगळं पाणी तिथून उडी मारून डाव्या हाताला गेलं होतं. कोणी दुरुस्त केलं नव्हतं, कारण कोणी तिकडे बघतच नव्हतं. गाव मला तलाव दाखवण्यात गुंतलं होतं.

डाव्या हाताला चिरे काढून सोडलेल्या जुन्या खाणी होत्या, जांभ्या दगडाच्या, एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या. पहिल्या खाणीच्या काठावर मी नाक धरलं. काळं, वर तेलाचा तवंग, बुडबुडे फुटतायत, कडेला चहाच्या चोथ्याचा थर. तिच्या ओठावरून पाणी दुसरीत पडत होतं, आणि दुसरी हिरवी होती. अशी हिरवी की वाटलं रंग ओतलाय. वास होता, पण तळ्यातल्या शेवाळाचा. तिसरीत पाणी फिकट हिरवं, काठाला बेडूक, वर चतुर उडतायत, आणि मासे होते. तिसरीतून एक बारीक पाट निघून खालच्या वाफ्यांत जात होता. तिथे वांगी होती, मिरची होती, लाल माठ होता.

मी काठावर बसून राहिलो. आमच्या मिठागरातलं पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात, तसंच हे होतं, फक्त कोणी ठरवलेलं नव्हतं.

वाफ्यातला माणूस वर आला. त्याचं नाव धोंडू. डोक्याला मुंडासं, हातात कुदळ, आणि नजर मी कोण ते तोलणारी. मी विचारलं, हे पाणी कुठलं?

"झऱ्याचं हाय."

मी म्हटलं, झऱ्यात चहाचा चोथा कुठून आला?

तो बराच वेळ कुदळीची माती काढत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, ही वांगी बाजारातल्या खानावळीतच जातात. ज्याचं पानी त्याच्याच ताटात. तुमी बोलाल तर माजी भाजी कोन घेईल?"

मी म्हटलं, शिजवून खातात ना? तो म्हणाला, व्हय, कच्ची वांगी कोण खातं. मग आम्ही दोघं बसलो. त्याने मला सांगितलं की पहिली खाण पावसाळ्याआधी तो उपसतो, गाळ वाळवून शेतात टाकतो. काही वर्षं चाललंय. हे तो सरपंचांना बोलला नाही, ओव्हरसियरला बोलला नाही, बायकोच्या भावालाही बोलला नाही.

गावाने मला जे नटवून दाखवलं होतं त्यावर मी एक क्षणही विश्वास ठेवला नव्हता. धोंडू लपवत होता, म्हणून त्याच्या पाण्यावर विश्वास बसला. पण माझा विश्वास बसून भागणार नव्हतं. मी बाजारातून सरबताच्या तीन रिकाम्या बाटल्या घेतल्या, धुतल्या, एकेका खाणीचं पाणी भरलं आणि बुचं मारली.

इंदापूरचा फाटा

इथे माझी फजिती झाली. दारूबंदीचे दिवस. मोठ्या रस्त्यावर गाडीची वाट बघत उभा होतो, पिशवीत बाटल्या किणकिणल्या आणि एक हवालदार आला. त्याने विचारलं काय आहे. मी म्हटलं, पाणी. तो म्हणाला, सगळे पाणीच म्हणतात. मी सांगितलं की मी बी.एस्सी. आहे, मास्तर आहे, हे गटाराचं पाणी आहे आणि मी ते वडिलांसाठी घरी नेतोय. हे ऐकल्यावर त्याची उरलीसुरली शंकाही गेली आणि त्याने सरळ पिशवी हिसकावली. पहिली बाटली काढली, बूच उपटलं आणि नाकाला लावली.

तो बाजूला जाऊन उकिडवा बसला. जमलेल्या लोकांपैकी कुणीतरी म्हणालं, भलतीच कडक दिसते. हवालदाराने हातानेच खूण केली की बूच लाव. बाकीच्या दोन उघडायला तो आला नाही. गाडीत कंडक्टरने मला सगळ्यात मागे बसवलं आणि शेजारी कुणी बसलं नाही, त्यामुळे पनवेलपर्यंत पाय पसरून आलो.

घरी

बाबांना मी सगळं सांगितलं. तलावावरचं कोळ्याचं जाळं, मोऱ्या, खाणी. ते हसले नाहीत. म्हणाले, "तिसरी बाटली चांगली दिसते. पन पानी दिसायला तर विहिरीचं पन चांगलंच व्हतं."

याला माझ्याकडे उत्तर होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत निळा रंग आहे, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी वापरतात तो. बंद बाटलीतलं पाणी अजून सडणारं असेल तर ते आतला प्राणवायू खाऊन टाकतं आणि रंग उडतो. सडून झालेलं असेल तर निळं राहतं. हे मी कॉलेजात शिकलो होतो. पास होण्यापलीकडे त्याचा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

बाटल्या शाळेच्या ओट्यावर मांडल्या. गाव जमलं. वरच्या आळीचा एकजण म्हणाला, मास्तर शेतवाल्याचाच पोरगा, शेत वाचवायला पाहिजे तिथे कमी रंग घालील. दुसरा म्हणाला, साहेबांनी मास्तरला खिशात घातलंय, शेत द्यायला पाहिजे तसा घालील. बाबा पुढे आले. त्यांनी माझ्या हातातली नळी घेतली, मिठाने चिरलेल्या बोटांनी प्रत्येक बाटलीत मोजून सारखे थेंब टाकले, बुचं स्वतः दाबली आणि त्यांवर मेण लावलं. मग रात्री तिथेच पथारी टाकली, कुणी हात लावू नये म्हणून. माझ्यावरही त्यांचा भरवसा होता असं मी म्हणणार नाही.

सकाळी पहिल्या बाटलीतला निळा रंग गेलेला होता. दुसरीतला हळूहळू फिका होत गेला. तिसरी आठवडाभर निळीच राहिली. बाबा रोज मिठागरावर जाताना आणि येताना तिच्यासमोर थांबायचे. एका संध्याकाळी येऊन मला म्हणाले, "साहेबांना बोलव. पन येक तलाव नको. तीन पायजेत. न् आदी बायांना इचारा."

साहेब आले. सबंध शेत नाही, खालचं अर्धं, असं बाबांनी सांगितलं. एका चौकोनी तलावाचा नकाशा बदलून एकापुढे एक तीन खाचरं करायला साहेब तयार नव्हते. मी बोलायला लागलो, पण त्यांनी माझ्यापेक्षा बाटल्यांकडे जास्त बघितलं. शेवटी हो म्हणाले. आई आळीआळीतून फिरली. ज्या घरामागे झाड होतं त्यांच्या मोरीला गटाराऐवजी झाडाकडे तोंड ठेवलं. आमच्याकडे अशी घरं थोडीच निघाली, कारण खारी जमीन. बाकीच्यांचं पाणी गटारात आलं, कुणी मोरी बुजवली नाही. खाचरांचा तळ मिठागराचा तळ करतात तसा, ओल्या मातीत पायांनी तुडवून तुडवून, मजुरांनी घट्ट केला, म्हणजे पाणी खाली झिरपून विहिरीत जाऊ नये. बाबांनी त्यात पहिलं पाऊल टाकलं आणि सुट्टीच्या दिवशी मीही तुडवलं. मग बाबांनी अंगठा दिला.

यानंतरचा पावसाळाही आता उलटून गेला आहे. बाजाराचं सगळं सांडपाणी तीन खाचरांतून जातं आणि तिसऱ्यातलं ओहोटीला उघाडीतून खाडीत सुटतं. या वर्षी एकाही भरतीला आमच्या अंगणात गटार चढलं नाही. उरलेलं अर्धं शेत बाबांच्या नावावर आहे आणि त्यात भात उभा आहे.